खालचा कोपरा

डूगल, चाळीस वर्षं तू त्या कोपऱ्याशी भांडलास.
भाजलेल्या मातीच्या नळ्या, हातभर लांब,
एकीला एक भिडवून, उतार दोरीने मापून
तू पाणी नदीकडे हाकलायचास,
जसं कोणी शेजाऱ्याची गाय हाकलतं:
रागाने नाही, पण रोज.

आणि रोज ते परत यायचं.
जुलैत त्यावर बर्फाची साय धरायची,
ऑक्टोबरात माझा एक गमबूट तिथेच रुतायचा
आणि मी एका मोज्यावर लंगडत दारापर्यंत.
पुढच्या वर्षी कोरडं होईल, म्हणायचास.
गुलाब लावू, म्हणायचास.
तीनदा लावले, तीनदा कुजले.
त्यांच्या नावांच्या जस्ताच्या पट्ट्या
अजून फावड्याला लागतात.

तुला इन्व्हरकार्गिलच्या त्या घरात ठेवून आले
तो हिवाळा मी खिडकीतून ते पाणी बघत काढला.
मग अपारिमाच्या रोपवाटिकेतून मेरेआना आली,
गुडघ्यांवर बसली,
मूठभर चिखल उचलून हुंगला
आणि म्हणाली, "ह्या जागेला काय झालंय?
काहीच नाही. तिला हवं ते लावा."

ती त्याला पूकिओ म्हणते.
माझी आई दलदलीतलं गवत म्हणायची,
पण गवत नाही ते, लव्हाळ्याच्या जातीतलं.
गवताची काडी बोटांत गरगर फिरते,
ही अडते. तीन कडा आहेत तिला.

बारा पूकिओ पाण्यालगत, दोन-दोन पावलांवर,
मुळं भिजतील, गळा बुडणार नाही अशा बेताने.
पाच तांबूस पानांची, जरा वर.
खत नाही, औषध नाही.
फक्त तो पूकेको,
निळ्या अंगाचा, लाल चोचीचा, पाटलासारखा चालणारा,
पहाटे येऊन रोप उपटायचा,
खायचा नाही, नुसतं बाजूला ठेवायचा
मुळं आभाळाकडे करून.
अकरा वेळा मी तेच रोप परत लावलं.
बाराव्या वेळी बुंध्याशी दगड ठेवला
आणि पक्ष्याला तुझी ठेवणीतली शिवी दिली.

आता एक सांगायचं राहिलंय.
खणताना तुझी नळी लागली,
नदीकडच्या तोंडाची, शेवटची.
पाणी अजून वाहत होतं तिच्यातून,
बारीक, आज्ञाधारक, तू शिकवल्यासारखं.
मी तुझा जुना लोकरी मोजा कोंबला आत,
वर चिकणमाती थापली.
मागे वळून पाहिलं, जसं काही तू उभाच आहेस.
संध्याकाळपर्यंत कोपरा भरून आला.

सहा वर्षं झाली.
पूकिओ आपल्याच मेलेल्या मुळांवर उभं राहतं,
दरसाल थोडं उंच.
छाटायचं नाही, मेरेआनाने बजावलंय,
बोटांनी विंचरायचं.
मी विंचरते. वाळलेलं हातात येतं, हिरवं मागे राहतं.
पानांना करवतीचे बारीक दात आहेत,
भांडी घासताना कळतं कुठे कुठे कापलंय.

परवा रविवारी तुला आणलं.
चाकांची खुर्ची गाळात रुतली, रुतणारच.
तू बराच वेळ बघत राहिलास.
"कोणाची जागा ही?"
आपली, मी म्हटलं.
तू मान हलवलीस, समजूत घालावी तशी:
"आपल्याकडे गुलाब आहेत, एल्सी."
मी हो म्हटलं.

मग तू हात लांबवून एक काडी मोडलीस,
बोटांत फिरवलीस, थांबलास,
पुन्हा फिरवलीस.
चहा गार झाला. बेडूक सुरू झाले.
परतताना, रिव्हर्टनच्या पुलावर,
मी आरशात पाहिलं:
मान कलली होती, डोळे मिटलेले,
आणि मांडीवर ती काडी
फिरत, अडत, फिरत.